सूत्रकृमींच्या जनुकाभिव्यक्तीचे मायक्रोअ‍ॅरे-अध्ययन : यादी आणि अर्थ यांतील अंतर

बीजसंज्ञा : सूत्रकृमी, जनुकाभिव्यक्ती, मायक्रोअ‍ॅरे, सहसंबंध, आयुर्मान, मूळगाठी

प्रास्ताविक

सूत्रकृमी हा मराठी माणसाला परका प्राणी नव्हे. मात्र त्याची ओळख आजवर बहुधा शत्रू म्हणूनच झालेली आहे. लहान मुलांच्या पोटातील जंत, विदर्भातील हत्तीरोगाला कारण होणारा कृमी, बारवांच्या व पायविहिरींच्या पाण्यातून माणसाच्या अंगात शिरणारा नारू ही सारी या एकाच संघातील प्राण्यांची रूपे होत. यांपैकी नारूचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली मान्य केले. शेतकऱ्याला तर हा प्राणी दिसतही नाही, त्याची करणी तेवढी दिसते : वांगी, टोमॅटो वा भेंडीचे खुरटलेले रोप उपटले की मुळांवर गाठी आढळतात. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या करवीर तालुक्यातील उचगावच्या (बेळगावजवळील त्याच नावाचे गाव वेगळे) एखाद्या मळ्यातील ओंजळभर माती पाण्यात भिजवून गाळली, तर सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे सूत्रकृमी दिसावेत. बागायती जमिनीत ते असतातच. त्यांतील पुष्कळसे जिवाणूंवर जगणारे आणि पिकाला निरुपद्रवी असतात.

अशाच एका निरुपद्रवी, जिवाणूभक्षी सूत्रकृमीने आधुनिक जीवशास्त्रात मानाचे स्थान मिळविले. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचे नाव. सुमारे एक मिलिमीटर लांबी, पारदर्शक शरीर, तीन-साडेतीन दिवसांत पूर्ण होणारी पिढी, आणि प्रौढ उभयलिंगी कृमीच्या देहात मोजून ९५९ कायिक पेशी, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात या कृमीची निवड केली. ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कृमीवरील कार्यासाठीच. १९९८ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे क्रमवाचन प्रसिद्ध झाले. बहुपेशीय प्राण्यांत हा मान त्याला सर्वप्रथम मिळाला. सुमारे एकोणीस हजार जनुकांची नावनिशी हाती आल्यावर पुढचा प्रश्न स्वाभाविकच होता : यांपैकी कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती प्रमाणात कार्यरत असते ? मायक्रोअ‍ॅरे या तंत्राने या प्रश्नाला एकाच प्रयोगात हजारो उत्तरे देऊ केली.

या उत्तरांचे मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत अशा प्रयोगांतून जनुकांच्या असंख्य याद्या सिद्ध झाल्या. त्या पाठ्यपुस्तकांत उतरल्या, पदव्युत्तर प्रबंधिकांच्या संदर्भप्रकरणांत स्थिरावल्या, आणि ‘अमुक इतकी जनुके वाढली, तमुक इतकी घटली’ हे विधान म्हणजेच निष्कर्ष असे मानण्याची सवय रूढ झाली. आज मायक्रोअ‍ॅरेची जागा बव्हंशी आरएनए-क्रमवाचनाने घेतली आहे. तथापि ही सवय तंत्राबरोबर गेलेली नाही. म्हणूनच मूळ प्रयोगांकडे पुन्हा एकदा चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते.

तंत्राचे स्वरूप

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे काचपट्टीवर ठरावीक जागी चिकटविलेले डीएनएचे हजारो सूक्ष्म ठिपके. प्रत्येक ठिपका एकेका जनुकाचा प्रतिनिधी. तुलना करावयाच्या दोन कृमीसमूहांतून संदेशवाहक आरएनए वेगळे काढावयाचे, त्यांच्या प्रती करताना एका समूहाला हिरवे व दुसऱ्याला तांबडे प्रदीप्त रंजक जोडावयाचे, दोन्ही मिश्रणे त्या पट्टीवर एकत्र सोडावयाची आणि कोणत्या ठिपक्यावर कोणता रंग किती उजळतो ते यंत्राने मोजावयाचे, असा हा प्रकार. दुसऱ्या प्रकारच्या पट्टीवर एकाच नमुन्यातील जनुकांचे प्रमाण मोजले जाते. दोन्हींत मोजमाप होते ते संदेशवाहक आरएनएच्या साठ्याचे. प्रथिन किती तयार झाले, ते कार्यक्षम आहे काय, याविषयी पट्टी मौन पाळते. ही गोष्ट प्रत्येक अध्यापक वर्गात सांगतो. परंतु यादीचा अर्थ लावताना तिचा विसर पडतो.

या तंत्राची याहूनही मूलभूत मर्यादा अशी की, ही प्रश्नावली बंदिस्त आहे. ज्या जनुकाचा ठिपका पट्टीवर नाही त्याविषयी प्रश्नच विचारला जात नाही. या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण याच कृमीत सापडते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, लिन-४ या जनुकापासून प्रथिन तयारच होत नाही. त्याचा २२ घटकांचा इवलासा आरएनए लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटतो आणि त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतो. सूक्ष्म-आरएनएच्या या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. २०००–२००१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या पट्ट्या प्रथिन घडविणाऱ्या, संगणकाने वर्तविलेल्या जनुकांवर आधारलेल्या होत्या. त्यांवर लिन-४ सारख्यांना स्थान नव्हते. एका पिढीतील सर्वांत महत्त्वाचे नियामक ज्या पट्टीवर अनुपस्थित होते, तीच पट्टी ‘संपूर्ण जनुकसंचाची’ म्हणून ओळखली गेली. ‘संपूर्ण’ या विशेषणाचा अर्थ नेहमी त्या दिवसापुरता असतो.

यशाची दोन उदाहरणे

चिकित्सा करावयाची तर आधी या तंत्राचे श्रेय त्याला दिले पाहिजे. व्हॅलरी रायन्के व सहकाऱ्यांनी २००० साली ११,९१७ जनुकांच्या पट्टीवर जननपेशींचा अभ्यास केला. जननपेशी नसलेले, केवळ शुक्रपेशी करणारे, केवळ अंडपेशी करणारे अशा उत्परिवर्तित कृमींची परस्परांशी तुलना करून त्यांनी जननपेशींत अधिक प्रमाणात आढळणारी १,४१६ जनुके वेगळी काढली : ६५० शुक्रपेशींशी निगडित, २५८ अंडपेशींशी निगडित आणि ५०८ दोहोंना समान. ही आकडेवारी एवढ्यावरच थांबली असती तर ती आणखी एक यादी ठरली असती. परंतु ही जनुके गुणसूत्रांवर कोठे आहेत हे पाहता एक अनपेक्षित वस्तुस्थिती समोर आली : शुक्रपेशींची व समान गटातील जनुके एक्स गुणसूत्रावर जवळजवळ नाहीतच, अंडपेशींची मात्र आहेत. येथे यादीतून जीवशास्त्रीय प्रश्न जन्माला आला, आणि तो एकेका जनुकाचा अभ्यास करून कधीच विचारता आला नसता. तंत्राचे खरे सामर्थ्य ते हेच.

दुसरे उदाहरण मिन जियांग व सहकाऱ्यांचे, २००१ सालचे. १७,८७१ जनुकांची, म्हणजे तत्कालीन नोंदीतील सुमारे ९४ टक्के जनुकांची पट्टी वापरून त्यांनी अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतच्या अभिव्यक्तीचा आलेख मांडला आणि नर व उभयलिंगी यांच्यात भिन्न प्रमाणात आढळणारी २,१७१ जनुके नोंदविली. येथे त्यांनी स्वीकारलेली सांख्यिकीय मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. योगायोगाची संभाव्यता हजारात एकापेक्षा कमी असेल तरच फरक ग्राह्य, असा त्यांचा दंडक. १७,८७१ जनुकांना तो लावला, तर केवळ योगायोगाने यादीत घुसणारी जनुके अठराच्या आसपास. २,१७१ मध्ये अठरा ही भेसळ सुसह्य आहे. परंतु महाविद्यालयीन प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा शंभरात पाचाचा निकष येथे लावला असता, तर काहीही फरक नसतानाही जवळपास नऊशे जनुके ‘लक्षणीय’ ठरली असती. एका चाचणीसाठी घडविलेला निकष हजारो चाचण्यांना जसाच्या तसा लावणे म्हणजे एकाच तिकिटाच्या हिशेबाने अठरा हजार तिकिटांची लॉटरी खेळणे होय. प्रबंधिकांच्या परीक्षकांनी सर्वप्रथम तपासावी अशी ही बाब आहे. प्रत्यक्षात ती फारच क्वचित तपासली जाते.

अभिव्यक्तीचा नकाशा आणि संगतीचा गुण

याच सुमारास, २००१ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टुअर्ट किम यांच्या गटाने एलेगन्सच्या जनुकाभिव्यक्तीचा नकाशा प्रसिद्ध केला. तीस प्रयोगशाळांतील ५५३ मायक्रोअ‍ॅरे-प्रयोग एकत्र करून, ज्या जनुकांची अभिव्यक्ती बरोबरीने वर-खाली होते ती जवळजवळ मांडली गेली. जेथे जनुकांची दाटी, तेथे उंचवटा. असे ४४ ‘डोंगर’ त्या नकाशावर उभे राहिले : काही स्नायूंचे, काही चेतापेशींचे, काही शुक्रपेशींचे वा अंडपेशींचे. कार्य अज्ञात असलेले जनुक ज्या डोंगरात सापडेल त्यावरून त्याच्या कार्याचा अंदाज बांधता येईल, अशी यामागील भूमिका.

ही भूमिका मराठी वाचकाला नवी नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण गोठ्यातील बैलांविषयी जे सांगते तेच या नकाशाने जनुकांविषयी गृहीत धरले. म्हणीतील शहाणपण असे की, गुण लागला तरी वाण वेगळाच राहतो. बरोबरीने वाढणारी दोन जनुके एकाच कार्यात गुंतलेली असतीलच असे नाही. ती केवळ एकाच वेळी, किंवा एकाच ऊतीत, वा गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी असू शकतात.

नकाशाविषयी दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पहिला असा की, नकाशातील डोंगर हे कृमीच्या स्वभावाइतकेच प्रयोगांच्या निवडीचे अपत्य होते. ज्या विषयावर अधिक प्रयोग झाले त्याच्या जनुकांना परस्परांशी बरोबरी सिद्ध करण्याची अधिक संधी मिळाली; ज्या परिस्थितीचा प्रयोग कोणीच केला नाही तिची जनुके सपाटीवर राहिली. भूगोलाच्या नकाशात सर्वेक्षक कोणत्या वाटेने गेला यावर डोंगराची उंची अवलंबून नसते; येथे ती असते. शिवाय नमुना म्हणून अख्खा कृमी वाटला जातो. प्रौढ उभयलिंगीच्या शरीरात जननपेशींची केंद्रके कायिक पेशींहून अधिक भरतात. त्यांच्या आरएनएच्या लोंढ्यात ३०२ पैकी एखाद्या चेतापेशीत घडलेला बदल वाहून जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट याच कृमीच्या चेतापेशींतील वाहतुकीचा अभ्यास जिवंत, पारदर्शक देहात एकेक पेशी पाहून करतो. तो मार्ग आणि अख्खा कृमी वाटण्याचा मार्ग यांत जे अंतर आहे, ते ‘व्यक्ती’ आणि ‘सरासरी’ यांतील अंतर आहे.

दुसरा आक्षेप शेजाराविषयी. किम यांच्याच गटातील पीटर रॉय व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्नायूपेशींचा आरएनए युक्तीने वेगळा काढून १,३६४ स्नायू-जनुके नोंदविली आणि ती गुणसूत्रावर लहान लहान पुंजक्यांनी आढळतात असे दाखविले. सरासरीच्या अडचणीवर शोधलेला हा उपाय निश्चितच कल्पक होता. परंतु एलेगन्सची एक खासियत येथे आडवी येते. त्याची सुमारे १५ टक्के जनुके ओपेरॉनांत, म्हणजे एकाच सुरुवातीपासून सलग वाचल्या जाणाऱ्या मालिकांत बांधलेली आहेत. मार्टिन लर्चर, थॉमस ब्लूमेंथाल व लॉरेन्स हर्स्ट यांनी २००३ मध्ये दाखविले की, या कृमीतील शेजारी जनुकांच्या अभिव्यक्तीतील साम्य बव्हंशी ओपेरॉन आणि एकाच जनुकाच्या दुणावलेल्या प्रती यांमुळे येते. म्हणजे शेजार आहे म्हणून समान नियमन आहे, असा सरळ निष्कर्ष काढण्यापूर्वी ते एकाच दाव्याला बांधलेले बैल तर नव्हेत, हे पाहणे आले.

न्यायाची गोष्ट म्हणजे, संगतीच्या गुणावर अधिक कडक कसोटी याच गटाने शोधली. माणूस, फळमाशी, एलेगन्स आणि यीस्ट या चार जीवांवरील ३,१८२ मायक्रोअ‍ॅरे तपासून, उत्क्रांतीच्या प्रवासात टिकून राहिलेले २२,१६३ सहसंबंधच त्यांनी २००३ मध्ये ग्राह्य धरले. एका जीवातील संगत योगायोगाची असू शकते. दूरच्या जीवांतही ती टिकली असेल तर तिला काही कारण असावे. आधीच्या नकाशापेक्षा हा युक्तिवाद कितीतरी अधिक पक्का आहे. वर्गात मात्र नकाशाच दाखविला जातो, कारण तो दिसायला देखणा आहे.

वाढलेले जनुक आणि आवश्यक जनुक

सूत्रकृमींवरील मायक्रोअ‍ॅरे-संशोधनाची सर्वांत अवघड परीक्षा वार्धक्याच्या क्षेत्रात झाली. सिंथिया केनयन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखविले की, डॅफ-२ या एका जनुकात बिघाड झाला तर कृमी दुप्पट जगतो, आणि त्यासाठी डॅफ-१६ हे दुसरे जनुक शाबूत असावे लागते. डॅफ-१६ हे नियामक प्रथिन; ते इतर जनुकांना चालू-बंद करते. मग ती इतर जनुके कोणती ? कोलीन मर्फी, केनयन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मायक्रोअ‍ॅरेच्या साहाय्याने त्यांची यादी दिली. तीत ऑक्सिडीकरणाच्या घातक परिणामांपासून रक्षण करणारी, उष्णतेचा ताण सोसणारी, जिवाणूंचा प्रतिकार करणारी जनुके होती. या शोधनिबंधाचे मोल असे की, तो यादीवर थांबला नाही. यादीतील जनुके आरएनए-हस्तक्षेपाने एकेक दडपून आयुर्मानावर काय परिणाम होतो तेही पाहिले गेले. एकेकट्या जनुकाचा परिणाम तुलनेने माफक निघाला, आणि अनेक जनुकांच्या एकत्रित कार्यातून दीर्घायुष्य येत असावे असे मत मांडले गेले.

यादीतील एक नाव मात्र विशेष गाजले : सॉड-३. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे संरक्षक विकर घडविणारे हे जनुक दीर्घायुषी कृमींत ठळकपणे वाढलेले आढळते. मुक्त मूलकांमुळे वार्धक्य येते हा सिद्धान्त आधीच लोकप्रिय होता. सॉड-३ ची वाढ त्याला जणू पुरावाच वाटली. पाठ्यपुस्तकी कथा पूर्ण झाली. परंतु हे जनुक वाढले म्हणून कृमी अधिक जगतो की अधिक जगणाऱ्या कृमीत ते इतर कारणांनी वाढलेले असते, हे यादी सांगू शकत नव्हती. ते सांगितले जनुक काढून टाकण्याच्या प्रयोगांनी. डेव्हिड जेम्स यांच्या गटाने २००८ मध्ये सॉड जनुके काढून टाकूनही डॅफ-२ कृमींचे दीर्घायुष्य कोसळत नाही असे दाखविले. २०१२ मध्ये जेरेमी व्हॅन राम्सडॉन्क व सिगफ्रीड हेकिमी यांनी या कुळातील पाचही जनुके एकाच कृमीतून काढून टाकली. असा कृमी ताण सहन करू शकत नाही, हे खरे. परंतु सर्वसाधारण परिस्थितीत तो नेहमीइतकाच जगतो.

वाढलेले जनुक आणि आवश्यक जनुक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा केवळ कृमीपुरता नाही. यीस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक काढून टाकण्याचा जो प्रचंड प्रकल्प झाला, त्याच्या २००२ सालच्या अहवालात असे आढळले की, तपासलेल्या चार परिस्थितींत संदेशवाहक आरएनए लक्षणीय वाढलेल्या जनुकांपैकी सात टक्क्यांहूनही कमी जनुके त्या परिस्थितीत उत्तम वाढीसाठी आवश्यक होती. हा आकडा प्रत्येक जनुकाभिव्यक्ती-यादीच्या शिरोभागी छापण्यासारखा आहे. यादीचा उपयोग नाही असा त्याचा अर्थ नव्हे. यादीतील नावांना ‘कारण’ म्हणण्याचा अधिकार वेगळ्या प्रयोगाने मिळवावा लागतो, एवढाच.

याच क्षेत्रातील दुसरा प्रसंग अधिक बोधक आहे. २००८ मध्ये किम यांच्या गटाने वयपरत्वे बदलणाऱ्या जनुकांच्या मायक्रोअ‍ॅरे-नोंदींवरून एल्ट-३, एल्ट-५ व एल्ट-६ या तीन नियामकांचे चक्र वार्धक्याला दिशा देते, असे प्रतिपादन केले. २०१२ मध्ये जेम्स मॅकघी यांच्या गटाने हे प्रतिपादन पुन्हा तपासले. त्यांना एल्ट-३ च्या या भूमिकेला आधार सापडला नाही. आतड्यातील जनुकांचे नियमन एल्ट-२ करते हे मानणे त्यांना अधिक सयुक्तिक वाटले. पुढे २०१६ मध्ये किम यांच्याच गटाने एल्ट-२ चे कार्य मंदावणे हे वार्धक्याचे प्रमुख कारण असल्याचे मांडले. विज्ञानात मत बदलणे हे वैगुण्य नव्हे. प्रश्न असा की, २००८ चे चक्र ज्या स्लाइडवर काढले गेले ती स्लाइड किती वर्गांत अद्याप तशीच दाखविली जाते !

जुन्या यादीतून नवे सत्य निघण्याचेही उदाहरण येथेच आहे. २००३ च्या यादीतील अनेक जनुकांच्या आरंभी एक ठरावीक क्रम वारंवार आढळला होता. त्याला चिकटणारे प्रथिन कोणते ते तेव्हा कळले नव्हते. मर्फी यांच्या गटाने २०१३ मध्ये पूर्वप्रसिद्ध मायक्रोअ‍ॅरे-नोंदी एकत्र करून पुन्हा विश्लेषिल्या आणि ते प्रथिन पीक्यूएम-१ असल्याचे दाखविले. त्याची कडी सापडली ती इतरांनी टाकून दिलेल्या नव्हे, तर इतरांनी जपून ठेवलेल्या नोंदींतून.

घड्याळाची अडचण

वाढत्या वयाच्या कृमींत याद्यांचा गोंधळ होतो तसाच तो वाढत्या अळ्यांतही होतो, आणि तेथे कारण अधिक साधे आहे. एलेगन्सची अळी चार वेळा कात टाकते. २०१४ मध्ये बाझेल येथील हेल्गे ग्रोसहान्स यांच्या गटाने आरएनए-क्रमवाचनाने दाखविले की, अळीच्या वाढीत अभिव्यक्त होणाऱ्या जनुकांपैकी जवळजवळ एक-पंचमांश जनुके प्रत्येक कातीच्या तालावर वर-खाली होतात. २५ अंश सेल्सिअसला हा ताल सुमारे आठ तासांचा. आता समजा, एखाद्या उत्परिवर्तित कृमीची वाढ नेहमीपेक्षा केवळ दोन तास मागे आहे. दोन्ही समूह ‘एकाच वयाचे’ म्हणून एकाच वेळी वाटले, तर यादीत शेकडो जनुके येतील. ती उत्परिवर्तनाची नसून घड्याळाची असतील. या एका निरीक्षणाने त्यापूर्वीच्या किती याद्या संशयास्पद ठरतात याची कल्पना केलेली बरी.

उचगावच्या मळ्यापर्यंत

आता मुळांवरील गाठींकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कारण कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांना या विषयाशी बांधून ठेवणारा धागा तोच आहे. एलेगन्समध्ये एखादे जनुक महत्त्वाचे ठरले की मूळगाठी करणाऱ्या मेलॉयडोगायने इन्कॉग्निटा या सूत्रकृमीतील त्याचे समनाम जनुक शोधावयाचे आणि त्यावर उपाययोजनेचा प्रस्ताव मांडावयाचा, ही वाट प्रस्तावलेखनात रूढ आहे. मूलभूत देहक्रियांपुरती ती ग्राह्य आहे. परजीवित्वाच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते.

मेलॉयडोगायनेचा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीची पेशीभित्ती विघटित करणाऱ्या विकरांची ६१ जनुके आढळली. यांतील बरीचशी एकेकाळी जिवाणूंकडून आली असावीत असे मानले जाते. सडक्या फळांतील व कुजलेल्या पाल्यातील जिवाणूंवर जगणाऱ्या एलेगन्सला असे शस्त्रागार लागत नाही. मुळात शिरल्यावर हा कृमी अन्ननलिकेतील ग्रंथींतून जे स्राव सोडतो, त्यांतील बहुतेकांना एलेगन्समध्ये प्रतिरूपच नाही. रिचर्ड हसी, एरिक डेव्हिस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ग्रंथीपेशींतील द्रव बारीक नळीने शोषून अशी ३७ जनुके वेगळी काढली. एलेगन्सची सर्वोत्तम पट्टी वापरूनही ती कधीच सापडली नसती. बंदिस्त प्रश्नावलीची मर्यादा येथे थेट शेतकऱ्याच्या मुळाशी येऊन भिडते.

वनस्पतीच्या बाजूनेही सरासरीची तीच अडचण पुन्हा उभी राहते. अरॅबिडॉप्सिसच्या मूळगाठींवर २००५ मध्ये झालेल्या मायक्रोअ‍ॅरे-अभ्यासात ३,३७३ जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक आढळला. परंतु गाठ म्हणजे कृमीला अन्न पुरविणाऱ्या मोजक्या महापेशी आणि त्यांच्याभोवती फुगलेली असंख्य इतर पेशींची गर्दी. २०१० मध्ये लेसर किरणाने महापेशी तेवढ्या कापून घेऊन तपासणी झाली, तेव्हा त्यांचे चित्र संपूर्ण गाठीच्या चित्राहून बरेच निराळे निघाले. कृमी जेथे तोंड लावून बसतो त्या पेशीची कथा गाठीच्या सरासरीत हरवली होती. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी येथे सूत्रकृमींवर संशोधन चालते; त्या कामाशी महाविद्यालयीन प्रकल्प जोडावयाचा तर ‘कोणत्या ऊतीचा, कोणत्या दिवशीचा नमुना’ हा प्रश्न प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात असावा लागेल.

महाविद्यालयांना काय शक्य आहे

मायक्रोअ‍ॅरेची यंत्रणा शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील बहुसंख्य महाविद्यालयांच्या आवाक्यात कधीच नव्हती. आता तिची गरजही उरलेली नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राने २००० पासून चालविलेल्या ‘जिओ’ या भांडारात या प्रयोगांच्या मूळ नोंदी विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि वर्मबेस या संकेतस्थळावर प्रत्येक जनुकाची माहिती. प्रयोगाचे किमान तपशील देण्याची संहिता २००१ मध्ये मांडली गेली. तिचे पालन कितपत झाले आहे हे तपासणे हाच एक चांगला पदव्युत्तर प्रकल्प होईल. एकाच विषयावरील दोन प्रयोगशाळांच्या याद्या घेऊन त्यांतील समान नावे किती, आणि न जुळणारी नावे कातीच्या तालावर चालणाऱ्या जनुकांत मोडतात काय, एवढे पाहण्यास संगणक आणि संख्याशास्त्राचा एक सहकारी अध्यापक पुरेसा आहे. प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र बसावे असे निमित्त एरवी फारसे मिळत नाही.

यादीतील नावाची परीक्षाही अशक्य नाही. जुली अ‍ॅरिंगर यांच्या गटाने २००३ मध्ये १६,७५७ जिवाणू-वाणांचा संच सिद्ध केला. त्यातील प्रत्येक वाण खाऊ घातला की कृमीतील एकेक जनुक दडपले जाते, आणि सुमारे ८६ टक्के जनुके या संचाच्या कक्षेत येतात. जैवसुरक्षेच्या मान्यता घेऊन, पेट्री थाळीत जिवाणूंचा पातळ थर वाढवून, त्यावर समवयस्क कृमी सोडावयाचे आणि दोन-तीन आठवडे, दिवसाआड, टोचणीने स्पर्श करून किती हालतात व किती नाही हे मोजावयाचे. साधा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. खर्चाची बाब एकच : कृमींना २० अंश सेल्सिअस तापमान स्थिर मिळाले पाहिजे. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ते टेबलावर मिळणार नाही. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील शीत-उष्ण नियंत्रित कपाट मागून घ्यावे लागेल, आणि वीज गेलेल्या प्रत्येक तासाची नोंद थाळीच्या क्रमांकासह वहीत ठेवावी लागेल.